मंसूर दर्जीचं बिनकामाचं चालणं

...आणि वर म्हणे, चाला!

आता तुम्हीच सांगा मंडळी, माणूस दवाखान्यात जातो कशाला? औषधाला जातो ना? बाटली मिळावी, बाटलीत लाल पाणी असावं, बाहेरून डोसाची कातरलेली कागदी पट्टी चिकटवलेली असावी, घोट घेतला की तोंड वाकडं व्हावं, म्हणजे कसं, आपल्यालाही वाटतं की इलाज चाललाय आणि घरच्यांनाही दिसतं! आणि आमचा मंसूर दर्जी दवाखान्यातून परत आला तो हात हलवत. झरीना, त्याची बायको, दारातच उभी.

“बाटली?”

“नाही.”

“पुड्या?”

“नाही.”

“चोळायला काही?”

“नाही.”

“अजी, मग डॉक्टरांनी सांगितलं तरी काय?”

“चाला म्हणाले.”

झरीना म्हणाली, “चाला नाही, चला म्हणाले असतील. म्हणजे उठा, दुसऱ्याला बसू द्या.”

आणि खरं सांगतो, मंसूरला क्षणभर तेच वाटलं! चला की चाला? कारण चालायचं असेल तर माणूस निदान सांगेल ना, कुठं ते! चाला म्हणे! पण कुठं?

आता या मंसूरची कंबर काय चीज होती ते आधी ऐका, नाहीतर तुम्हाला वाटेल उगाच बाऊ करतोय. जव्हारच्या बाजारात त्याचं दुकान. सकाळी मांडी घालून बसला की दिवे लागेपर्यंत पाठीचं धनुष्य करून काजं, टिपा, अस्तर, काजं, टिपा, अस्तर... आणि वर्षातून एकदोनदा ती कंबर धरायचीच. धरायची, सुटायची. सुटली की मंसूर विसरायचा. विसरला की पुन्हा धरायची! बरं, धरायची तरी कधी, तर कामाच्या ऐन गर्दीत. गेल्या दसऱ्याचंच घ्या. राजाच्या वाड्यावरचं काम हातात, सरदारांचे कोट, शिपायांचे डगले, सगळं. मंसूर एक शिवलेला कोट खुंटीला अडकवायला उठला, हात वर केला, आणि आली शिंक. एक शिंक हो! साधी! लहान पोरालाही येते! पण कमरेत अशी चमक निघाली की मंसूर जागच्या जागी थिजला. हात वर तो वरच, मान तिरपी ती तिरपीच. समोरच्या दुकानात लतीफ मणियार बांगड्या पुसत बसला होता, त्याला वाटलं मंसूरभाई सलाम करतायत. त्यानं उलट सलाम केला. मंसूरचा हात खाली येईना. लतीफनं पुन्हा सलाम केला. किती वेळ करणार? शेवटी तो उठून आला, तेव्हा कळलं की सलाम नाही, उसण आहे!

मग काय विचारता, सगळं झालं. गरम विटेचा शेक झाला, पाल्याचा लेप झाला. पायाळू माणसानं लाथ मारली की उसण जाते म्हणतात, म्हणून गौराबाईला बोलावलं. ती जन्माला आली पायांनी, तिच्या लाथेला फार मान. पण बाई पडली भिडस्त, एवढ्या मोठ्या दर्ज्याला लाथ कशी मारायची म्हणून तिनं पदर सावरून हळूच पाय लावला, मंसूर मात्र धसक्यानंच पलीकडं कलंडला आणि त्याचा खांदाही दुखायला लागला! झरीनानं त्याला कुशीवर वळवायचं, झरीनानं घास भरवायचे, झरीनानं पाय धुवायचे. आणि वाड्यावरचं काम गेलं नाशकाच्या कुणा दर्ज्याकडं. त्यानं बाह्या अशा आखूड शिवल्या की दसऱ्याच्या दरबारात सगळ्यांनी मुजऱ्याला हात उचलले, तर कोपरं उघडी! रांगेनं नुसती कोपरं!

वाड्यावरच्या कारभाऱ्यांनी मंसूरला बोलावून सांगितलं, “या दसऱ्याला काम तुला देतो. तुझ्या हाताबद्दल वाद नाही. पण पुन्हा कंबर धरली, तर वाड्याची पायरी विसरायची.”

आता बघा, म्हणजे सगळं येऊन अडकलं ते कमरेवर! हात नाही, डोळा नाही, सुई नाही, कंबर! म्हणून तो डॉक्टरांकडं गेला. दुखत नव्हतं, तरी गेला. आणि डॉक्टर विचारतात, “दुखतंय का?”

“नाही साहेब.”

“उत्तम. मग आता चाला.”

“दुखायला लागल्यावर?”

“नाही हो, दुखत नाही तेव्हाच. रोज. झपझप, ताठ, हात मोकळे सोडून. एकदा धरलेली कंबर पुन्हा धरू नये म्हणून.”

“किती दिवस?”

“रोजच.”

“पण साहेब, दुखत नसताना औषध घ्यायचं, आणि ते औषध म्हणजे औषधच नाही... मग मला कळणार कसं की गुण आला?”

डॉक्टर म्हणाले, “काही झालं नाही, की समजायचं गुण आला.”

काही झालं नाही की गुण आला! मंसूर बाहेर पडला तो पार गोंधळून. काही होत नाही ते तर आत्ताही होत नाहीये! मग आत्ताच गुण आलाय की काय? आणि आला असेल तर चालायचं कशाला? आणि चालायचंच तर, पण कुठं?

तरी पठ्ठ्या निघाला. पावसाची झड ओसरली होती. सकाळी धुतलेला सदरा घातला आणि बाजारातून चालायला लागला. पाऊल टाकतोय न टाकतोय तोच लतीफ, “मंसूरभाई, कुठं निघालात?”

“कुठं नाही.”

“कुठं नाही कसं? पाय तर चाललेत.”

“असाच.”

“असाच म्हणजे?”

मंसूरला असाच म्हणजे काय ते माहीत असतं तर त्यानं सांगितलं नसतं का? तो पुढं सटकला. गावाबाहेर जामसरच्या वाटेनं थोडा गेला, घाम आला, परत फिरला. लतीफ वाटच बघत होता. “आलात पण? काय विसरलात?”

“काही नाही.”

“मग परत का आलात?”

“चालून झालं.”

“आणि झालं काय चालून?”

मंसूरच्या तोंडून निघून गेलं, “काही झालं नाही.” आणि डॉक्टरांचं आठवून त्याला बरंही वाटलं. पण लतीफचा चेहरा बघायचा होता! कारण तुम्हाला सांगतो, आपल्या या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात चालत नाही कोण? सगळेच चालतात! पाण्याला चालतात, बाजाराला चालतात, लग्नाला चालतात, मयताला चालतात. पण कुठं न जाता चालणारा माणूस या मुलखानं पाहिला होता कधी? तो आला की माणसं हातातलं काम टाकून बघायची. रोज नवा माणूस, रोज तोच सवाल, कुठं निघालात? आणि रोज मंसूरचं तेच तोंड, तेच कुठं नाही!

वाटेत एकदा पोशी भेटली. डोंगरातली बाई, लाकडाचा भारा डोक्यावर घेऊन बाजाराला येणारी. तिनं विचारलं, “कठं जास रं दादा?” मंसूरनं सगळं सांगितलं, कंबर, डॉक्टर, दसरा. पोशी भाऱ्याखालून म्हणते, “मी तं रोज चालतां. मंग माजी कंबर काहाला दुखं?”

झालं! मंसूर पुन्हा दवाखान्यात. “साहेब, पोशी रोज चालते, तिची कंबर दुखते. मग?” डॉक्टर म्हणाले, “तिला सांगा, भारा न घेता चाल.” मंसूरनं दुसऱ्या दिवशी इमानेइतबारे निरोप पोचवला. पोशी अशी हसली की भारा हालायला लागला. “भारा नाय घेतां तं मी जव्हारला येवां काहाला?”

डॉक्टरांचं ऐकलं तर डॉक्टर बरोबर, पोशीचं ऐकलं तर पोशी बरोबर, आणि मध्ये मंसूर, मोकळ्या हातांनी उभा, आपण चुकतोय की बरोबर आहोत तेही कळेना. तिच्या डोक्यावर लाकडं आणि आपल्या डोक्यावर टोपी, याची त्याला उगाच लाजच वाटली. त्यानं वाट बदलली.

आणि तिथंच घोटाळा झाला! नव्या वाटेवर एक पाडा लागायचा. उतारावर नाचणी उभी, खाली भात. मंसूर आपला झपझप, ताठ, डॉक्टर म्हणाले तसा. आणि गळ्यात काय? मापाची फीत! सवय हो! दर्ज्याच्या गळ्यात फीत असते ती त्याला कुठं कळते? तुमच्या कानात भिकबाळी असली तर तुम्हाला आठवते का? पण पाड्यावरच्या माणसांना काय दिसलं? शहरचा धुतलेला सदरा, गळ्यात मापाची पट्टी, रोज येतो, शेताच्या कडेनं एकसारखी पावलं टाकत जातो, बोलत नाही, बसत नाही, पाणी मागत नाही, टोकाला जाऊन परत फिरतो... शेत मोजून सारा वाढवणारा मोजणीवाला! दुसरं कोण?

पाड्यावरचा म्हातारा ढवळू आडवा आला. हात जोडले. “सायेब, ही नाचणी लय वाईच हाय. मोजूं नको.”

“मी मोजत नाही, बाबा.”

“मंग कठं चाललास?”

“कुठं नाही.”

ढवळूनं मागं वळून आपल्या माणसांकडं असं बघितलं, की बघा, सांगत पण नाही! आत गेला, एक तांबडी कोंबडी घेऊन आला. मंसूर म्हणाला नको. ढवळूनं पुढं केली. मंसूर म्हणाला, अरे नको रे बाबा, मी दर्जी आहे! ढवळूनं ती त्याच्या काखेतच कोंबली आणि पाया पडायला वाकला. आता वाकलेल्या म्हाताऱ्याला उठवायचं की काखेतली कोंबडी सांभाळायची? मंसूर इतका गोंधळला, इतका गोंधळला, की कोंबडीसकट पळत सुटला!

बरं, घरी काय चाललं होतं? घरी शेजारची बिलकीस झरीनाच्या कानाशी बसली होती. “मी नाही हो काही म्हणत. पण रोज सकाळी न्हाऊन, धुतलेला सदरा घालून मर्द जातो कुठं? आणि विचारलं की म्हणतो कुठं नाही. कुठं नाही म्हणजे काय ते बायकांना कळत नाही होय?” आणि तेवढ्यात दारात कोण? मंसूर! घामाघूम! काखेत कोंबडी!

झरीना उठली. “ही कुणी दिली?”

“एका माणसानं दिली.”

“का दिली?”

“मी नको म्हणत होतो म्हणून.”

“तौबा!” झरीना म्हणाली, आणि मग तिचा आवाजच बदलला. “गेल्या दसऱ्याला हेच पाय मी धुतले. तुम्हाला उठवता उठवता माझ्या हाताला पेटके यायचे. अल्लाला म्हणत होते, एकदा याला पायावर उभा कर. केला त्यानं उभा... आणि पाय निघाले कुठं? एवढं तरी सांगा ना मला, कुठं?”

मंसूरनं सांगायला तोंड उघडलं. पण काय सांगणार? चालतो. पण कुठं? तेच तर त्याला स्वतःला माहीत नव्हतं!

आणि दुसऱ्या दिवशी वाड्याचा शिपाई आला, सोम्या. “मंसूरभाई, कचेरीत चला. तक्रार आहे. मोजणीवाला बनून पाड्यावरनं कोंबडी आणलीत म्हणे.”

बघा मंडळी, गेला बिचारा कंबर वाचवायला आणि अडकली गर्दन! कचेरीत कारभारी गादीवर, एका बाजूला ढवळू, पुरावा म्हणून कोंबडी, आणि मंसूर मधे उभा. कारभारी म्हणाले, “तू दर्जी ना? मग जमीन का मोजलीस?”

“मोजली नाही हुजूर. चाललो.”

“कुठं?”

मंसूरनं डोळे मिटून घेतले. “कुठं नाही.”

“गळ्यात फीत का होती?”

“होती.”

“कोंबडी का घेतलीस?”

“दिली म्हणून.”

“का रे ढवळू, का दिलीस?”

ढवळू म्हणाला, “तो नको नको बोलं. जो पयल्यांदा नको नको बोलतं, तो मागनं बकरा मागतं.”

कचेरीत हशा पिकला, पण कारभारी हसले नाहीत. त्यांनी दवाखान्यात माणूस पाठवला. माणूस परत येऊन म्हणाला, “डॉक्टरसाहेब म्हणतात खरं आहे, आम्हीच चालायला सांगितलं.” कारभाऱ्यांनी विचारलं, “पण कुठं?” माणूस म्हणाला, “ते मी विचारलं हुजूर. म्हणाले, कुठंही.” आता कारभारीही गोंधळले! शिक्षा द्यावी तर गुन्हा नाही, सोडून द्यावं तर उद्या पाड्यापाड्यावर घबराट. डोकं खाजवलं आणि हुकूम दिला, “कोंबडी परत. रयतेच्या शेतातून बिनकामाचं फिरणं बंद. चालायचंच असेल तर वाड्याच्या भोवतालच्या रस्त्यानं चाल, आणि हा सोम्या तुझ्या मागं राहील. तुझी पावलं कुठं जातात त्यावर नजर पाहिजे.”

मंसूरनं ढवळूकडं वळून हात जोडले. ढवळू कोंबडी कवटाळून म्हणाला, “आधी बोलायचां ना, कमरेचां हाय म्हणून!” आता मोजत नाही, दर्जी आहे, एवढं तर मंसूर आधीच बोलला होता की!

घरी आला तो बसूनच राहिला. चालणं बंद. बंदुकीवाला शिपाई मागं घेऊन भर गावातून कोण फिरणार हो? लोक काय म्हणतील? दसरा जवळ आलेला, कपडा येऊन पडलेला, मंसूर पाठीचं धनुष्य करून काजं, टिपा, अस्तर... आणि एके सकाळी सुई ओवता ओवता कमरेत बारीकशी चमक. एवढीशी. दाराची कडी हालावी तशी. मंसूरचे डोळेच पांढरे झाले. हललाच नाही. झरीना चुलीपाशी होती, तिनं ते बघितलं. त्याच्या हातातली सुई काढून घेतली, हळूच काखेत हात घालून उठवलं, गळ्यातली फीत काढून खुंटीला लावली, टोपी डोक्यावर ठेवली आणि दाराकडं बोट केलं.

“जा.”

“कुठं?”

“कुठं नाही तिकडं जा! पण जा बाबा! आणि परत या!”

बाहेर सोम्या उभाच होता. हुकूम म्हणजे हुकूम, तो बिचारा रोज येऊन उभा राहायचा आणि रोज परत जायचा. निघाली वरात! पुढं मंसूर, हात मोकळे सोडून, मागं सोम्या, खांद्याला बंदूक. पहिल्या दिवशी आस्ते आस्ते. मग थोडं झपझप. चमक आली तशी विरली. आणि गंमत बघा, गावात एकही माणूस विचारेना! लतीफनं बघितलं, मान खाली घालून बांगड्या पुसायला लागला. बिलकीसनं बघितलं, पदर तोंडाला लावला. कैद्याला कोण विचारतं हो? पोशी भाऱ्याखालून बघायची आणि “चाल रं दादा, चाल” एवढंच म्हणायची. मंसूरला आत कुठंतरी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि त्याच वेळी कंबर मात्र अशी मोकळी, की हे सुख म्हणावं की दुःख तेच कळेना!

दसरा आला. मंसूरच्या हातचे कोट, बाह्या मनगटापर्यंत, मुजरे कसे झाकलेले, सभ्य! कारभारी खूश. कंबर धरली नाही. शिंक आली होती, दोनदा आली, तरी धरली नाही. लतीफनं विचारलं, “मग एवढं चालून शेवटी झालं काय?” मंसूर म्हणाला, “काही झालं नाही.” लतीफ म्हणाला, “मी सांगत नव्हतो?”

दरबारानंतर कारभाऱ्यांनी मंसूरला बोलावलं. “काम झकास झालं. तुझ्यावरची नजर उठवली. सोम्या उद्यापासून येणार नाही. तू मोकळा.”

मंसूर मोकळा! आनंद व्हायला पाहिजे ना माणसाला? पण त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच्या डोळ्यांपुढं उद्याची सकाळ आली. बाजार. लतीफ. पाण्याला निघालेल्या बाया. वाटेवरचा प्रत्येक माणूस. आणि शिपाई नाही! पुन्हा सगळ्यांना पहिल्यापासून, कुठं नाही, कुठं नाही...

त्यानं हात जोडले. “हुजूर, मेहरबानी करा. पहारा उठवू नका.”

कारभारी बघतच राहिले. “अरे, पहारा ठेवा म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा बघतोय! ठेवायचा तरी किती दिवस?”

“कंबर आहे तोवर, हुजूर.”

“म्हणजे जन्मठेपच की रे!”

“जी हुजूर,” मंसूर म्हणाला, “पण ती डॉक्टरांनी अगोदरच दिलीय. आपण फक्त शिपाई द्या.”